फिलिपिन्सचा एकच उत्सव पाहायचा असेल तर कुठला पाहावा?

तुम्ही विचारलंय की आठ-दहा दिवसांची सुट्टी आहे, फिलिपिन्समधला एखादा रंगीबेरंगी उत्सव गाठायचाय, तर कुठला धरावा. कामानिमित्त मी तीन वर्षं मनिलात होतो, तेवढ्या काळात बरेच पाहिले. मला विचाराल तर डोळे मिटून लुकबान, १५ मे.

लुकबान हे केसोन प्रांतात बानाहाव डोंगराच्या पायथ्याशी वसलेलं गाव. १५ मे हा सान इसिद्रो या शेतकऱ्यांच्या संताचा दिवस. पूर्वी लोक पिकलेलं धान्य-भाजी आशीर्वादासाठी चर्चमध्ये नेत. पुढे ते आपापल्या दारातच मांडायची रीत पडली आणि संताची मिरवणूक दारावरून जाऊ लागली. हाच पाहियास. अख्ख्या घराची दर्शनी भिंत भाताच्या लोंब्या, वांगी, मिरच्या, नारळ, विणलेल्या टोप्या यांनी मढवलेली असते. मिरवणुकीचा रस्ता दरवर्षी बदलतो, म्हणजे प्रत्येक आळीला कधी ना कधी मान मिळतो. मला ही गोष्ट फार आवडली.

आणि या सगळ्यावर किपिंग, म्हणजे तांदळाच्या पातळ पापड्या. लाल, पिवळी, हिरवी, गुलाबी, पानाच्या आकाराची, उन्हात धरली तर आरपार दिसणारी. मी आदल्या दिवशीच पोचलो होतो. एका अंगणात एक लोला (तिकडे आजीला लोला म्हणतात) तांदळाच्या रंगीत पिठात खरंखुरं पान बुडवून निथळवत होती. मग ते वाफवायचं, वाळवायचं आणि पानावरून अलगद सोलून वजनाखाली सपाट करायचं. तिनं एक सोलून माझ्या तळहातावर ठेवलं. पानाची शीर न शीर त्यावर उमटली होती. मला थेट आईच्या सालपापड्या आठवल्या: तेच तांदळाचं पीठ, तीच वाफ, सोलताना तोच जपून लावलेला हात. फक्त इथं त्या पापड्या शेकड्यांनी गुंफून झुंबरं करतात आणि खिडक्यांना टांगतात. उत्सव झाल्यावर तळून खातातही.

म्हणून सांगतो, आदल्या रात्री मुक्कामाला जाच. मनिलाहून लुसेनापर्यंत बस, पुढे ‘जीपनी’ (तिकडची लांबट प्रवासी जीप). खोल्या लवकर भरतात, महिनोन्महिने आधी ठरवा. घरं सकाळी लवकर पाहून घ्या, दुपारी गर्दीत पाय ठेवायला जागा नसते. छत्री हवीच. भूक लागली की पान्सित हाबहाब घ्या: केळीच्या पानावर नूडल्स, वर व्हिनेगर, आणि पान तोंडाला लावून काटा-चमच्याशिवाय खायच्या.

मे जमत नसेल तर जानेवारीचा तिसरा रविवार, सेबू शहरातला सिनुलोग. मॅगेलननं १५२१ मध्ये इथल्या राणीला बाळ येशूची मूर्ती भेट दिली, तिचा हा उत्सव. गोव्यात कोलव्याची फामा (तोही बाळ येशूचाच उत्सव) पाहिलेल्यांना ही भक्ती लगेच ओळखीची वाटेल. मोठी परेड देखणी असतेच, पण मला भिडल्या त्या बाझिलिकेजवळ, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चजवळ, मेणबत्त्या विकणाऱ्या बायका. तुम्ही मेणबत्त्या घेतल्यात की त्या तुमच्या वतीनं, हातात मेणबत्त्या धरून, दोन पावलं पुढे एक मागे अशा नाचत प्रार्थना करतात. माझ्यासाठी नाचलेल्या बाईंनी आधी माझं नाव विचारून घेतलं, मग घरच्यांची नावं.

ऑक्टोबरात जाणार असाल तर बाकोलोदचा मास्कारा. १९८० मध्ये साखरेचे भाव कोसळले होते, त्यातच मोठी बोट दुर्घटना झाली. त्या वर्षी गावानं हसऱ्या मुखवट्यांचा हा उत्सव सुरू केला. रात्री दिव्यांचे मुखवटे घालून नाचतात, ते चुकवू नका.

तुमच्या सुट्टीचा महिना कुठला, तेवढं खाली लिहा. त्याप्रमाणे दिवस कसे लावायचे ते सांगतो.