लघवीच्या दोन रिपोर्टांत एवढा फरक का पडला आणि कोणता खरा मानावा?

आपण लिहिल्याप्रमाणे, आईंचा पहाटे पाचला धरलेला लघवीचा नमुना ऐन मे महिन्यात चोपडा तालुक्यातील गावाहून एस.टी.ने जळगावला गेला आणि अकराच्या सुमारास तपासला गेला. त्यात पीएच (लघवी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा; ७ च्या वर अल्कधर्मी) ८.५, प्रथिने एक अधिक (१+; अधिकांची संख्या वाढेल तसे प्रमाण जास्त), साखर अल्प आणि जंतू भरपूर निघाले. दुसऱ्या दिवशी लॅबमध्येच दिलेल्या ताज्या नमुन्यात पीएच ६, प्रथिने नाहीत आणि साखर मात्र दोन अधिक. मी याच जिल्ह्यात प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे आणि पहिला रिपोर्ट बाजूला ठेवावा, असे माझे ठाम मत आहे.

लघवी दोन तासांच्या आत तपासावी, असा नियम आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तेवढा वेळही मला जास्तच वाटतो. बाटलीत मिसळलेले जंतू उष्म्यात झपाट्याने वाढतात, त्यांतले काही युरियापासून अमोनिया तयार करतात आणि पीएच चढतो. ताज्या लघवीचा पीएच साधारणपणे ४.५ ते ८ असतो, म्हणून ८.५ दिसला की मी आधी नमुना कधी धरला ते विचारतो. प्रथिनांचा गोंधळही येथूनच सुरू होतो. लघवीत बुडवून रंग पाहायच्या तपासणी-पट्टीवरील प्रथिनांचा चौकोन सुमारे ३ पीएचवर स्थिर ठेवलेला असतो आणि अल्ब्युमिन (रक्तातील मुख्य प्रथिन) असल्यास त्याचा रंग पिवळ्याचा हिरवा होतो. पण लघवी फार अल्कधर्मी असेल तर ही स्थिरता मोडते आणि प्रथिने नसतानाही हिरवी छटा येते. शिवाय अशा नमुन्यात पेशी फुटतात आणि साचे (मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांत तयार होऊन लघवीत येणारे नळीच्या आकाराचे कण) विरघळतात, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली जे पाहायचे तेच नाहीसे झालेले असते.

साखरेचा फरक मात्र केवळ उन्हाच्या माथी मारता येणार नाही. जंतू ग्लुकोज वापरतात हे खरे, परंतु रक्तातील साखर सुमारे १८० मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटरच्या पुढे गेल्यावरच ती बहुधा लघवीत उतरते, त्यामुळे पहाटेच्या आणि जेवणानंतरच्या नमुन्यांत तफावत पडणारच. आई डापाग्लिफ्लोझिनसारखी मधुमेहावरची गोळी घेत असतील तर रक्तातील साखर आटोक्यात असूनही लघवीत साखर दिसते, कारण ती लघवीवाटे बाहेर टाकणे हेच त्या गोळीचे काम आहे.

पुढील वेळी नमुना शक्यतो लॅबमध्येच द्यावा. स्वच्छ धुऊन, सुरुवातीची धार सोडून मधली धार घ्यावी. घरूनच न्यावा लागला तर बर्फाच्या डब्यात न्यावा आणि घेतल्याची वेळ बाटलीवर लिहावी. थंडीने क्षार खाली बसून लघवी गढूळ दिसते, त्याने घाबरू नये. आईंना मधुमेह असल्यास डॉक्टरांना अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर या लघवीच्या अधिक सूक्ष्म तपासणीविषयी अवश्य विचारावे, कारण मूत्रपिंडाच्या विकाराच्या आरंभी झिरपणारे थोडे अल्ब्युमिन साध्या पट्टीला दिसतच नाही.