‘पॅटलेबर’ (1989) हा जुना रोबोटपट पाहण्यासारखा आहे का, आणि त्याच्याविषयी प्रेक्षकांची मते इतकी टोकाची का आहेत?

आपला प्रश्न असा आहे की हा जपानी अ‍ॅनिमे चित्रपट काही प्रेक्षक डोक्यावर घेतात, तर काही जण ‘रोबोटच्या चित्रपटात रोबोटच कुठे आहेत?’ असे म्हणून अर्ध्यावर सोडून देतात, तेव्हा ऐकावे कोणाचे? मी स्वतः दोन्ही पक्षांत राहून आलो आहे. महाविद्यालयात असताना एका मित्राच्या संगणकावर तो प्रथम पाहिला, तेव्हा मला चक्क पेंग आली होती. पुढे सॉफ्टवेअरच्या नोकरीत सात-आठ वर्षे काढल्यावर पुन्हा पाहिला, तेव्हा मी जागचा हललो नाही.

कथेचा काळ 1999 चा आहे, म्हणजे चित्रपट आला तेव्हा दहा वर्षे पुढचा. समुद्राची वाढती पातळी लक्षात घेऊन टोकियोच्या उपसागराला बांध घालण्याचा ‘बॅबिलोन प्रकल्प’ सुरू आहे आणि त्या कामासाठी ‘लेबर’ नावाची प्रचंड यंत्रे राबत आहेत. माणूस आत बसून ती चालवतो; जेसीबीलाच हातपाय फुटले आहेत, अशी कल्पना केली तरी चालेल. या यंत्रांचा गुन्ह्यांसाठीही वापर होऊ लागल्याने पोलिसांनाही स्वतःचे लेबर बाळगावे लागतात. अशाच एका तुकडीत नोआ इझुमी ही तरुण पोलीस आहे. ती आपल्या यंत्राला अल्फॉन्स म्हणते आणि पाळलेल्या जनावराला लावावा तसा त्याला जीव लावते.

आता नाराज प्रेक्षकांची बाजू पाहू. लेबरसाठी लिहिलेली ‘एचओएस’ ही नवी ऑपरेटिंग सिस्टीम शहरभर बसवली गेली आहे आणि त्यानंतर यंत्रे आपोआप बेफाम होऊ लागली आहेत. सुरुवातीलाच लष्कराचे एक प्रायोगिक यंत्र जंगलात धुमाकूळ घालते. सैनिक मोठ्या कष्टाने त्याला पाडतात, झाकण उघडतात, तर आत चालकाची जागा रिकामी. ती प्रणाली लिहिणाऱ्या एइइची होबाने तर चित्रपटाच्या पहिल्याच प्रसंगात समुद्रात उडी घेतलेली असते. म्हणजे खलनायक आरंभीच संपला, आणि उरलेला बराच वेळ पोलीस फायली चाळतात, फोन करतात, वाद घालतात. रोबोटांची हाणामारी पाहायला बसलेल्या माणसाने ‘मारायचे कोणाला?’ असे विचारले, तर त्याला दोष देता येत नाही.

माझ्या मते मात्र चित्रपटाची सारी भीती याच प्रश्नात आहे. पूर्वी आमच्या एका ग्राहकाकडे आम्ही रात्री नवी आवृत्ती चढवली होती. चाचण्यांत सारे ठीक होते, नंतरचे तीन आठवडेही सुरळीत गेले, आणि 31 तारखेला प्रत्येक बिल दोनदा छापले जाऊ लागले. ज्याने तो भाग लिहिला होता तो नोकरी सोडून गेला होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. पहाटे चार वाजता मी त्याचा कोड ओळीओळीने वाचत बसलो होतो, तेव्हा एकदम होबा आठवला. चित्रपटातला दोषही असाच दबा धरून बसलेला आहे: उंच इमारतींतून वारा वाहताना जो मंद, कमी कंप्रतेचा घुमारा निर्माण होतो तो ऐकू आला की यंत्र बिथरते, आणि शहरावर चक्रीवादळ चालून येत असते. तंत्रज्ञ शिगे त्या प्रणालीच्या पोटात शिरू पाहतो आणि त्याचा पडदा ‘बॅबेल’ (बायबलच्या कथेतील, आभाळाला भिडण्यासाठी बांधलेला बुरूज) या एकाच शब्दाने भरून जातो. त्या प्रसंगात एकही रोबोट नाही, तरी माझ्या अंगावर काटा आला. 1988 च्या नोव्हेंबरात ‘मॉरिस वर्म’ या आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रामने इंटरनेटवरील हजारो संगणक ठप्प केले होते आणि हा चित्रपट 15 जुलै 1989 रोजी प्रदर्शित झाला, हे लक्षात घेतले की दिग्दर्शक मामोरू ओशी आणि पटकथाकार काझुनोरी इतो यांनी काळाची नाडी किती अचूक पकडली होती ते कळते.

सर्वांत जास्त मतभेद असतात ते पोलीस तपास अधिकारी मातसुईच्या पायपिटीविषयी. होबाने वारंवार घरे बदललेली असतात. त्या जुन्या पत्त्यांवर मातसुई आपल्या सहकाऱ्यासह एकेक करून जातो. रणरणता उन्हाळा, रातकिड्यांसारखी किरकिरणारी सिकाडा, कालव्याचे संथ पाणी, पडायला आलेली लाकडी घरे आणि त्यांच्या मागे काचेचे टॉवर. संवाद जवळजवळ नाहीत. केन्जी कावाई यांचे संगीत तेवढे चालू असते. ‘इथे काहीच घडत नाही’ असे अनेकांचे म्हणणे असते. पण तो काळ जपानमधील जमिनीच्या किमती गगनाला भिडल्याचा होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर जपानी शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक 38,915 या तेव्हाच्या उच्चांकावर पोहोचला, आणि टोकियोच्या उपसागराखालून जाणाऱ्या ‘अ‍ॅक्वा-लाइन’ या खऱ्या रस्त्याचे कामही 1989 मध्येच सुरू झाले. होबाने पोलिसांना मुद्दाम या गल्ल्यांतून फिरवले, हे हळूहळू उमगते आणि त्याचा राग नेमका कशावर होता याचा अंदाज येतो.

काही तक्रारी मात्र मला पूर्णपणे मान्य आहेत. मधल्या भागात नोआ जवळपास गायब होते. तिचा सहकारी आसुमा हा ‘एचओएस’ बनवणाऱ्या कंपनीच्या मालकाचा मुलगा आहे, पण बापलेकांतील हा ताण ज्यांनी 1988 पासूनची ‘पॅटलेबर’ मालिका पाहिलेली नाही त्यांच्यापर्यंत नीट पोहोचतच नाही. ओशी, इतो आणि कावाई यांचाच 1995 चा ‘घोस्ट इन द शेल’ आधी पाहून जे येतात, त्यांची अडचण वेगळी असते: त्यांना गंभीर तत्त्वचर्चा हवी असते आणि इथे भेटतात आळशी दिसणारा, मिश्कील कॅप्टन गोतो आणि बंदूक चालवायला सदैव उतावीळ असलेला ओता. मला हा विनोद आवडतो.

पाहणार असाल तर मूळ जपानी आवाजात, सबटायटलसह पाहा. इंग्रजीत दोन वेगवेगळी डबिंग उपलब्ध आहेत, पण गोतोचा कंटाळलेला सूर मूळ आवाजातच खुलतो. त्याआधी मालिकेचे पहिले दोन भाग पाहिलेत तर पात्रांची ओळख होईल. निदान मातसुईच्या त्या पायपिटीपर्यंत धीर धरा. तिथेही कंटाळा आला तर खुशाल बंद करा, कारण शेवटी वादळात यंत्रांची जी झुंज होते ती चांगली असली, तरी केवळ तिच्यासाठी हा चित्रपट पाहावा असे मी म्हणणार नाही.