थायरॉइड आहे, रात्रभर झोप नाही आणि हाडं दुखतात, यांचा आपसात काही संबंध असतो का?

असतो. तुमचा टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, किती ते लिहिलंच नाहीत, पण प्रश्न वाचून माझं मनगट ठणकलं म्हणून लिहितेय.

आम्ही ग्वाल्हेरचे, तिथल्या लष्कर भागात घर. थायरॉइड कमी पडतं म्हणून मी थायरॉक्सिन, म्हणजे त्याच हार्मोनची, १२५ ची गोळी सहा वर्षं घेत होते, त्यातली शेवटची तीन वर्षं टीएसएच केलाच नाही, जुना पर्चा दाखवायचा आणि मेडिकलवाला तीच बाटली काढून द्यायचा. मधल्या काळात वजन नऊ किलो उतरलं, बायका म्हणायच्या वा, काय मेंटेन केलंय! रात्री अडीचला टक्क जाग, छातीत धडधड, आणि जानेवारीत, आमच्याकडच्या जानेवारीत, रजई फेकून बसलेली मी. आमच्या ह्यांचं निदान ठरलेलं, मोबाईल. नऊ वाजले की माझा फोन गोदरेजच्या कपाटात कुलपात. झोप तरी येईना, मग अंधारात घरभर फेऱ्या, आणि एका पहाटे न्हाणीच्या उंबऱ्याशी पाय सरकला, हात टेकला, मनगट गेलं. इतकं सुजलं की सासूबाईंची पाटली कटरने कापावी लागली.

हाडांच्या डॉक्टरांनी प्लास्टर घालता घालता विचारलं, एवढ्याशा पडण्याने मोडलं? टीएसएच कधी केलाय? केला तर निघाला ०.०३, फारच खाली, आणि टीएसएच खाली म्हणजे अंगात थायरॉइडचं हार्मोन जास्त. डेक्सात, म्हणजे हाडांची घनता मोजतात त्यात, टी-स्कोअर उणे २.७, उणे २.५ पासून खाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं विरळ झाली, असं धरतात. म्हणजे वजन उतरलं, वय वाढलं, गोळी तेवढीच, ती जास्त होत होती. हे हार्मोन जास्त झालं की जुनं हाड झिजवायचं आणि नवं भरायचं काम घाईघाईत चालतं, झिजतं जास्त, भरतं कमी, आणि पाळी गेल्यावर तर विचारूच नका. झोप उडवणारंही तेच, मोबाईल नव्हे!! डोस १०० आणि मग ८८ केला, दोन-अडीच महिन्यांत मी पाचपर्यंत झोपायला लागले. ह्यांचं म्हणणं, फोन कपाटात ठेवल्याचा गुण.

जाऊबाईंची वेगळीच तऱ्हा, माझं ऐकून त्यांनी गोळीच सोडली, गोळी हाडं खाते म्हणे, आणि तीळ आहेत म्हणून मुरैनाची गजक खातात. गोळी हाडं खात नाही हो, जास्तीची गोळी खाते. टीएसएच नीट असेल तर घाबरायचं कारण नाही.

नुसत्या कमी झोपेचं म्हणाल तर अमेरिकेत २०१९ साली पाळी गेलेल्या अकरा हजारांवर बायकांचा अभ्यास आला, पाच तास किंवा कमी झोपणाऱ्यांची हाडं सात तासवालींपेक्षा जराशी विरळ. फरक लहान, आणि झोपेमुळेच असं त्यावरून ठरत नाही. रात्री उठून पडणं मात्र खरं.

आणि हो, ऑस्टिओपोरोसिस सहसा दुखत नाही, मोडेपर्यंत कळत नाही. तुमचं दुखणं व्हिटॅमिन डीचं असू शकतं, थायरॉइड कमी पडत असेल तरी अंग दुखतं, तेही तपासा. डोस आपल्या मनाने कमी करू नका, थायरॉइडच्या कॅन्सरनंतर काहींचा टीएसएच मुद्दाम खाली ठेवतात. कॅल्शियम लागलं तर थायरॉइडच्या गोळीनंतर चार तासांनी, मी दोन्ही एकदमच चहाबरोबर गिळायची.

पाटली अजून दोन तुकड्यांत त्याच कपाटात पडलीय. सराफ्यात नेऊन जोडून आणा म्हणून ह्यांना तीनदा सांगितलं, म्हणतात थंडी जाऊ दे.