खारघरला टोकन द्यायच्या आधी

चि. भाचेबुवा,

तुझा मेसेज वाचला, खारघरच्या फ्लॅटचे फोटोपण बघितले. रस्ते रुंद, डोंगर दिसतो, सोसायटीत गार्डन, मग मामा अजून काय पाहिजे असं विचारतोयस. फ्लॅट चांगलाच आहे रे. पण तुझं ऑफिस फोर्टात, आणि त्याबद्दल एवढ्या लांब मेसेजात एक ओळ नाही.

नवी मुंबईसारखं आखीव शहर म्हटलं की लोक नकाशा बघतात, मी आधी बघतो तिथला माणूस सकाळी कामाला कुठं जातो. आपलं धुळंच घे ना. १८१९ ला कॅप्टन ब्रिग्जनं तिथं नवीन पेठ वसवली तेव्हा नुसत्या सरळ गल्ल्या आखून तो थांबला नाही, व्यापारी न् कारागीर यावेत म्हणून घरांना जागा फुकट दिल्या, बांधायला उचलसुद्धा दिली. म्हणजे गल्लीसोबत धंदापण आणला. आणि भुसावळची रेल्वे कॉलनी तर तू लहानपणापासून बघतोय, ड्यूटीला माणूस सायकलवर जायचा.

इंग्लंडात हॉवर्ड नावाच्या माणसानं ‘गार्डन सिटी’ म्हणून हेच मांडलं होतं, साधारण ३२,००० वस्ती, त्यातच कारखाने, भोवती शेती, आणि १९०३ ला लेचवर्थ नावाचं गाव खरंच सुरू केलं. आता बिल्डरच्या ब्रोशरवर गार्डन सिटी लिहिलेलं असतं, त्यातलं गार्डन तेवढं घेतलं, कारखाना कुणी घेतला नाही.

नवी मुंबईचंपण मूळ डोकं वेगळंच होतं. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता हे आर्किटेक्ट आणि इंजिनिअर शिरीष पटेल, या तिघांनी ती कल्पना मांडली, त्यांना मुंबईचं झोपायचं गाव नको होतं, काम आणि घर दोन्ही खाडीच्या या बाजूला हवं होतं, सरकारी कारभारसुद्धा. हे शहर वसवायला सिडको हे सरकारी महामंडळ १९७० ला झालं. पण मंत्रालय काही हललं नाही, उलट नरिमन पॉइंटला भरावावर ऑफिसं चढत गेली, आणि इकडे वाशीला लोकल यायला १९९२ उजाडलं. बेलापूरला कोकण भवनात सरकारी ऑफिसं आली, वाशीला एपीएमसीचा घाऊक बाजार आला, आता आयटीवालेपण आहेत, म्हणजे अगदीच फसलं असं मी म्हणणार नाही. तुझं काम बेलापूरला असतं तर मीच म्हटलं असतं घे. पण तू जाणार सीएसएमटीला, हार्बरच्या स्लो गाडीत तासाच्या वर, त्यात स्टेशन ते सेक्टर रिक्षा, वरून फोर्टातली पायपीट. आम्ही भुसावळ-जळगाव अपडाऊन केलं, पण ते अर्ध्या तासाचं, पत्त्याचा एक डाव संपेपर्यंत जळगाव यायचं. तुझं ते नाही भो.

खरं सांगू, मला नाशिकचं सिडको, म्हणजे याच सिडकोनं तिथं बांधलेली वसाहत, जास्त पटतं. घरं केवढीशी, त्यावर लोकांनी चढवलेले मजले, गल्लीत गाडी लावायला जागा नाही, पण अंबड आणि सातपूरचे कारखाने हाकेवर. अर्धा खान्देश तिथं जाऊन बसलाय तो काय उगाच? सेकंड शिफ्टला जाणारा माणूस सकाळी पोराला शाळेत सोडतो, श्रावणात आपली कानबाई देवी बसते तेव्हा रोट खायला घरी असतो. खारघरला पन्नास घरं कानबाई बसवत असतील रे, पण तू सात पंचेचाळीसच्या गाडीत असशील.

म्हणून रविवारी बघायला जाऊ नको, रविवारी सगळ्याच सोसायट्या छान दिसतात. मंगळवारी ऑफिस सुटल्यावर तशीच गर्दीची गाडी पकड, बिल्डिंगच्या गेटपर्यंत जा, घड्याळ बघ. मग खाली अर्धा तास नुसता थांब. पिठाची गिरणी, दवाखाना, भाजी कुठं आहे विचार, आणि जवळच्या गावठाणात चक्कर मार, सिडकोनं ९५ गावांच्या जमिनीवर हे सगळं उभं केलंय आणि बऱ्याचदा संध्याकाळची खरी वर्दळ त्या वाकड्यातिकड्या गल्ल्यांतच सापडते.

तरी मन तिथंच असेल तर आधी अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट करून भाड्यानं रहा. एक पावसाळा जाऊ दे, गाड्या बंद पडल्यावर तू किती वाजता घरी पोचतोस ते कळेल. रेट वाढतील म्हणून एजंट घाई करेल, त्याचं ते कामच आहे.

तुझी आई पडद्याचं कापड बघायला फुले मार्केटला जाऊनसुद्धा आली. तिला मी बघतो, तू मंगळवारचं तेवढं कळव.

तुझा मामा