शिकागोजवळची राइटची घरं: दोनच दिवस असतील तर काय बघावं

तुम्ही लिहिलंय की मुलाकडे शिकागोजवळच्या नेपरविलला महिनाभर आला आहात, मोकळे दिवस दोनच आहेत, सोबत गुडघ्यांचा त्रास असलेल्या सासूबाई आहेत. अमेरिकन वास्तुकार फ्रँक लॉइड राइटच्या कुठल्या इमारती बघाव्यात, आणि तिकीट काढून आत जावं की बाहेरून फोटो काढले तरी पुरे, असं विचारलंय. मी गेली सतरा वर्षं इथल्या पश्चिम उपनगरात राहतो आणि घरी आलेल्या जवळजवळ प्रत्येक पाहुण्याला ही ठिकाणं दाखवली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तिकीट काढाच, आणि आधी ऑनलाइन काढा. मी पहिल्यांदा गेलो तो जानेवारीत, काहीही न ठरवता. आतल्या सगळ्या फेऱ्या भरलेल्या होत्या. कुडकुडत रस्त्यावरून घरं बघितली आणि "बरी आहेत" म्हणत परतलो. पुढच्या वर्षी आत शिरलो तेव्हा कळलं की मी काहीच बघितलं नव्हतं. राइटची इमारत पायांनी कळते. छत कुठे डोक्याशी येतं, कुठे एकदम वर जातं, उजेड कुठून येतो, हे चालल्याशिवाय समजत नाही.

पहिला दिवस शिकागोच्या ओक पार्क या उपनगराला द्या. राइटचं स्वतःचं घर आणि स्टुडिओ तिथेच आहे. घर १८८९ चं, स्टुडिओ १८९८ मध्ये जोडलेला, आणि १९०९ पर्यंत तो तिथे राहिला. प्रेअरी शैली म्हणतात ती याच स्टुडिओत आकाराला आली: इलिनॉयच्या सपाट माळासारखी आडवी, जमिनीलगतची घरं, लांब वळचणी, ओळीनं खिडक्या, मधोमध शेकोटी आणि खोल्यांमध्ये कमीत कमी भिंती. वरच्या मजल्यावर मुलांची खेळायची खोली आहे, कमानदार छताची. तिथे जायच्या बोळातून मोठ्या माणसाला जरा दबल्यासारखं होतं, आणि मग ती खोली उघडते. जिने मात्र आहेत. सासूबाईंना झेपणार नसतील तर तिकीट काढतानाच विचारून घ्या.

स्टुडिओत उभे राहाल तेव्हा मॅरियन महोनीची आठवण ठेवा. राइटच्या नावावर जगभर गाजलेली कितीतरी सुंदर रेखाचित्रं तिच्या हातची आहेत. तिचा नवरा वॉल्टर बर्ली ग्रिफिनही याच स्टुडिओत काम करायचा. पुढे दोघांनी कॅनबेरा शहराचा आराखडा केला. ग्रिफिन १९३५ मध्ये कामासाठी लखनौला आला आणि १९३७ मध्ये तिथेच वारला. त्याची कबर लखनौतच आहे. आपल्याकडे हे फारसं कुणाला माहीत नसतं, याचं मला वाईट वाटतं.

तिथून फॉरेस्ट अॅव्हेन्यूवरून चालत जा. हर्टली हाउससमोर थांबा, विटांचे आडवे पट्टे बघा. या घरांत लोक राहतात, तेव्हा फुटपाथवरूनच बघा, हिरवळीवर पाऊल टाकू नका.

मग युनिटी टेंपल, ओक पार्कमधलंच राइटचं चर्च. माझ्या मते एकच गोष्ट बघायची असेल तर हीच. आधीचं चर्च १९०५ मध्ये वीज पडून जळालं. पैसे थोडे होते, म्हणून राइटने साधं काँक्रीट वापरलं आणि ते उघडंच ठेवलं. १९०८ मध्ये काम पुरं झालं. रस्त्यावरून बघाल तर नुसती राखाडी भिंत, दार कुठेच नाही. ट्रामचा गोंगाट आत येऊ नये म्हणून खाली खिडक्याही नाहीत. बाजूनं वळसा घालून आत शिरायचं, मग ठेंगण्या, अंधाऱ्या बोळातून जायचं, आणि चार पायऱ्या चढलात की अख्खं सभागृह उजेडात. छतातल्या चौकटींतून पिवळसर काचेमधून उजेड झिरपतो. बाहेर मळभ असलं तरी आत ऊन पडल्यासारखं वाटतं. मला पहिल्यांदा आजोळचा वाडा आठवला: दिंडी दरवाज्यातून वाकून शिरायचं, देवडीच्या अंधारातून जायचं आणि एकदम चौकात यायचं. तिथे निदान वीस मिनिटं नुसते बसा. निघताना बघा, बाहेर पडायची दारं व्यासपीठाच्या दोन्ही अंगांना आहेत. प्रवचन संपलं की लोकांनी पाठ फिरवून न जाता प्रवचनकाराच्या जवळूनच बाहेर पडावं, अशी ती योजना आहे.

दुसरा दिवस रोबी हाउस, शिकागो विद्यापीठाच्या आवारात, १९१० चं. ज्या सायकल कारखानदारासाठी ते बांधलं तो तिथे जेमतेम वर्षभर राहिला. पुढे ते दोनदा पाडायला निघाले होते. १९५७ मध्ये नव्वदीला टेकलेला राइट स्वतः येऊन त्याविरुद्ध बोलला. आत जायच्या आधी भिंतीजवळ जाऊन विटा बघा. लांब, बारीक विटा आहेत. आडव्या दरजा खोल कोरून फिकट ठेवल्या आहेत, उभ्या दरजा विटेच्याच रंगानं बुजवल्या आहेत. म्हणून दहा पावलं मागे गेलात की विटा दिसेनाशा होतात, उरतात फक्त आडव्या रेघा. पश्चिमेचं छप्पर खाली खांब नसताना लांबवर पुढे आलंय, आत पोलादी तुळया आहेत. मुख्य खोल्या वरच्या मजल्यावर असल्यामुळे इथेही जिना चढावा लागतो.

राइटच्या धबधब्यावरच्या घराबद्दल, फॉलिंगवॉटरबद्दलही विचारलंत, पण ते पेनसिल्व्हेनियात आहे आणि १९३० च्या दशकातलं, प्रेअरी शैलीच्या फार नंतरचं. पिट्सबर्गच्या बालाजीला जाणार असाल तेव्हा जोडून करा, या दोन दिवसांत कोंबू नका. तिसरा दिवस निघालाच तर इलिनॉयच्या राजधानीतलं, स्प्रिंगफील्डचं, राइटचंच डेना-थॉमस हाउस बघा. तीनेक तास गाडी चालवावी लागते, पण वाटेतला तो सपाट मुलूख, मक्याची शेतं आणि क्षितिजापर्यंत एकही टेकडी नाही, हे बघितल्यावर ही घरं अशी आडवी का पसरली आहेत ते आपोआप उमगतं.

रोबी हाउसची फेरी मात्र दुपारी उशिराची घ्या. बैठकीचं टोक पश्चिमेला आहे, आणि त्या वेळी तिथल्या काचांची नक्षी जमिनीवर उतरलेली असते.