वाचकांचे प्रश्न : फोन बँकेचाच आहे हे कसे ठरवावे?

प्रश्न : मी सेवानिवृत्त शिक्षक असून जुळे सोलापुरात राहतो. नोव्हेंबरमध्ये ‘बँकेच्या मुख्य कार्यालयातून बोलतो’ असे सांगत एका गृहस्थांनी फोन केला. माझे पूर्ण नाव, शाखा आणि खात्याचे शेवटचे चार अंक त्यांनी बिनचूक सांगितले. संध्याकाळपर्यंत हयातीचा दाखला अद्ययावत न केल्यास निवृत्तिवेतन बंद होईल, तरी मोबाइलवर आलेला ओटीपी सांगा, असे ते म्हणाले. मी फोन ठेवला. पण तो खरोखरच बँकेचा असला तर?

उत्तर : आपण फोन ठेवलात, ते योग्यच केलेत. नाव, शाखा आणि खात्याचे चार अंक एवढी माहिती पावत्या, अर्ज आणि झेरॉक्सच्या दुकानात राहिलेल्या प्रती यांतून कोणाच्याही हाती पडू शकते. त्यामुळे ती सांगता येणे हा बँकेचा माणूस असल्याचा पुरावा नव्हे. मोबाइलच्या पडद्यावर बँकेचे नाव किंवा बोधचिन्ह दिसणे हाही पुरावा नव्हे. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना सेवाविषयक फोनसाठी १६०० ने आणि जाहिरातीच्या फोनसाठी १४० ने सुरू होणारे क्रमांक वापरण्याचे निर्देश दिले आहेत. साध्या दहा अंकी मोबाइल क्रमांकावरून कोणी खात्याविषयी बोलू लागला, तर तेवढ्यावरूनच सावध व्हावे. मात्र पडद्यावरचा क्रमांक बनावटही दाखवता येत असल्यामुळे १६०० दिसले म्हणून ओटीपी सांगावा, असे मुळीच नाही.

खरी पडताळणी एकाच प्रकारे होते : आलेला फोन बंद करून आपण स्वतः बँकेला फोन करणे. त्यासाठीचा क्रमांक डेबिट कार्डाच्या मागील बाजूचा किंवा पासबुकावरचा घ्यावा. समोरच्याने दिलेला क्रमांक घेऊ नये आणि गूगलवर शोधून पहिला दिसेल तोही घेऊ नये, कारण ग्राहक सेवेचे म्हणून बनावट क्रमांक तेथे सर्रास पेरलेले असतात. शाखेतला फोन कोणी उचलत नाही, ही अनेकांची तक्रार रास्त आहे. अशा वेळी रिक्षा करून शाखेत जाणे अधिक शहाणपणाचे. ‘लाइन तोडू नका, तोडलीत तर खाते गोठेल’ असे कोणी बजावू लागला, तर पुढे काही तपासण्याची गरजच उरत नाही. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइलही (मोबाइलमध्ये ॲप बसवणारी फाइल) उघडू नये; तिच्यातून आपले संदेश, म्हणजेच ओटीपी, परस्पर दुसऱ्याला वाचता येऊ शकतात.

आता हयातीच्या दाखल्याविषयी. फोनवर ओटीपी सांगून तो जमा होत नाही. बँकेत जाऊन सही करावी, किंवा जीवन प्रमाण या सरकारच्या डिजिटल हयात-दाखला सेवेद्वारे बोटाच्या ठशाने, बुबुळाने अथवा चेहऱ्याने ओळख पटवावी. दाखल्यास उशीर झाला तर निवृत्तिवेतन काही काळ थांबते, परंतु बुडत नाही. दाखला दिल्यावर थकबाकीसह मिळते. ‘संध्याकाळपर्यंत’ ही धमकी म्हणूनच पोकळ होती.

प्रश्न : अशोक चौकात माझे टॉवेल-चादरींचे दुकान आहे. अशाच फोनला फसून मुलाने ओटीपी सांगितला आणि खात्यातून रक्कम गेली. ती परत मिळेल का?

उत्तर : हे उत्तर वाचण्याआधी तक्रार झाली नसेल, तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय मदत क्रमांकावर ती नोंदवा आणि बँकेला कळवून खाते व कार्ड बंद करवून घ्या. रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरत असतानाच ती गोठवता येते. एकदा एटीएममधून काढली गेली, की हाती फारसे काही लागत नाही. त्यानंतर सायबर पोलिसांकडे जावे. जाताना व्यवहाराचे संदेश, खाते उतारा आणि फोन आल्याची वेळ सोबत न्यावी.

रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमानुसार, ग्राहकाने स्वतः ओटीपी दिला असल्यास बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच धरले जाते. कळवल्यानंतर रक्कम गेली, तर ती जबाबदारी बँकेची. म्हणून तक्रारीचा क्रमांक आणि वेळ लेखी मागून घ्यावी. नुसते तोंडी आश्वासन पुढे उपयोगी पडत नाही. बँकेकडून ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्यासाठी शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.