बाटली उलटी करून वाचा

प्रश्न: नमस्कार मॅडम. पुण्यात एका ग्रूमिंग सलूनमध्ये काम शिकून आता लातूरला औसा रोडला स्वतःचं छोटं दुकान टाकलंय. एक टब, एक टेबल, एक ब्लोअर. लॅब्रेडॉर, शिह त्झू, पॉमेरियन जास्त येतात. हल्ली गिऱ्हाईक दारातच विचारायलेत, "शाम्पू ऑरगॅनिक आहे का?" एक डीलर 'शंभर टक्के नैसर्गिक, प्रिझर्व्हेटिव्ह नाही' म्हणून पाच लिटरचा कॅन देतोय. दुसऱ्याकडं हाताने बनवलेली हर्बल साबणवडी आहे. आई म्हणते, कशाला पैसे घालतोस, रिठे उकळ. पाणी बोअरचं आहे. गोचिडासाठी कडुनिंबाचा शाम्पू पुरतो का, तेही सांगा. नेमकं काय घेऊ?
— एक वाचक, लातूर

उत्तर: आधी त्या पाच लिटरच्या कॅनचं बघू. 'प्रिझर्व्हेटिव्ह नाही' हे डीलर गुण म्हणून सांगतोय. घरी एकच कुत्रा असलेल्या माणसानं अशी छोटी बाटली आणली, फ्रीजमध्ये ठेवली, पंधरा दिवसांत संपवली तर ठीक. तुमच्या दुकानात मात्र तोच सगळ्यात मोठा दोष आहे. तुमचा कॅन महिना-दोन महिने चालणार. दिवसातून दहा वेळा ओला हात लागणार. वर पत्रा असेल तर मे महिन्यात आत भट्टी पेटलेली असते. शाम्पूत पाणी असतं, कोरफड असते, वनस्पतींचे अर्क असतात. जंतूंना आणखी काय पाहिजे?

माझ्या दवाखान्यात अशा केसेस येतात. कुत्र्याला परवा आंघोळ घातलेली असते, घरी येताना झकास असतो. दीड-दोन दिवसांनी पाठीला हात लावला की केकाटतो, ताप येतो, खात नाही. मालकाला वाटतं मणका दुखावला, उडी मारताना लचक भरली. केस बाजूला केले की पाठीच्या रेषेवर बारीक लालसर-काळपट फोड दिसतात, काहींतून रक्त झिरपतं. केसांची मुळंच आतून फुटलेली असतात. बहुतेक वेळा 'स्यूडोमोनास' नावाचा जंतू सापडतो. ओल्या जागेत, नळाच्या तोंडाशी, स्पंजमध्ये आणि पाणी घालून ठेवलेल्या शाम्पूच्या बाटलीत तो आनंदानं वाढतो. साध्या अँटिबायोटिकला तो दाद देत नाही. नमुना तपासून औषध द्यावं लागतं आणि ते कित्येक आठवडे चालतं. मी पहिल्यांदा विचारते, "शाम्पू कशात कालवला होता?" उत्तर बहुतेक एकच: "स्प्रेच्या बाटलीत, कालचाच होता."

म्हणून कुठलाही शाम्पू घ्या, देशी घ्या की विलायती, पाणी घालून केलेला शाम्पू दुसऱ्या दिवशी वापरायचा नाही. सकाळी लागेल तेवढाच करा, संध्याकाळी उरला तर ओतून द्या. रिकाम्या बाटलीत तळाशी थोडा आहे म्हणून वरून भर घालणं सोडा. बाटली, पंप, नळी गरम पाण्यानं धुऊन उलटी वाळवा. स्पंज आणि लूफा तर फेकाच, हातानं चोळा, तेही केसांच्या दिशेनं. उलटं घासलं की केसांची मुळं दुखावतात आणि जंतूला आयतं दार मिळतं.

आता प्रिझर्व्हेटिव्हबद्दल एक बारकावा, जो डीलरला बहुधा ठाऊक नसतो. 'नैसर्गिक' म्हणवणाऱ्या शाम्पूत बऱ्याचदा सोडियम बेंझोएट किंवा पोटॅशियम सॉर्बेट घालतात. दोन्ही चांगले, खाद्यपदार्थांतही चालतात. पण ते आंबट मिश्रणात काम करतात. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं मिश्रण आंबट. तो साधारण साडेपाचच्या वर गेला की त्यांचा जोर ओसरतो. कुत्र्याच्या कातडीचा पीएच सातच्या आसपास, त्यामुळं त्यांचे शाम्पूही तसेच बनवतात. म्हणजे बाटलीवर पीएच सात लिहिलाय आणि मागे फक्त सोडियम बेंझोएट आहे, तर ते नाव तिथं शोभेपुरतं. अशा शाम्पूत फिनॉक्सीइथेनॉलसारखं, सातच्या आसपासही काम करणारं काही असेल तर मी निश्चिंत असते. नाव ऐकून गिऱ्हाईक दचकेल, तुम्ही दचकू नका.

या पीएचच्याच कारणानं माणसांचा हर्बल शाम्पूही नको, तो कितीही आयुर्वेदिक असो. आपली कातडी आंबट, साडेपाचच्या जवळपास. कुत्र्याच्या कातडीचे थर आपल्यापेक्षा बरेच कमी असतात, ती लवकर कोरडी पडते आणि मग खाज, कोंडा सुरू.

'ऑरगॅनिक' शब्दाचं म्हणाल तर डीलरला फक्त एवढं विचारा: कुणाचं प्रमाणपत्र आणि कशाचं? कोरफड सेंद्रिय शेतातली असेल, पण बाटलीत ती चमचाभर असेल आणि बाकी तेच नेहमीचं. काही जण बाटलीवर 'जैविक भारत'चा हिरवा शिक्का छापून मोकळे होतात. तो शिक्का खाद्यपदार्थांसाठी आहे, शाम्पूवर त्याला काही अर्थ नाही. परदेशी मालावर 'कॉसमॉस' किंवा 'इकोसर्ट' असेल तर निदान कुणीतरी तपासलंय म्हणायचं.

बाटली उलटी करून मागचं वाचा. घटकांची यादीच नसेल, नुसतं 'औषधी वनस्पतींचा अर्क' एवढंच असेल, तर ती बाटली परत शेल्फवर ठेवा. यादीत पाण्यानंतर डेसिल ग्लुकोसाइड, कोको ग्लुकोसाइड, कोकामिडोप्रोपिल बीटेन अशी नावं दिसली तर माल सौम्य समजा. 'खोबऱ्यापासून बनवलेला' या वाक्यावर मात्र जाऊ नका. ज्या सोडियम लॉरिल सल्फेटला सगळे नावं ठेवतात, तेही बऱ्याचदा खोबरेल किंवा पाम तेलापासूनच बनतं. नुसतं 'फ्रॅग्रन्स' लिहिलेलं असेल तर जरा जपून. कुत्र्याचं नाक आपल्यासारखं नाही. आपल्याला मंद वाटणारा मोगरा त्याला दिवसभर छळतो.

टी ट्री ऑइल हे सगळ्यांचं लाडकं नैसर्गिक नाव आहे, त्याला मी दुकानात थारा देणार नाही. शुद्ध तेल कातडीवर लावल्यानं कुत्रे झोकांड्या खातात, थरथरतात, मागचे पाय जड पडतात, अशी विषबाधा नोंदलेली आहे. तयार शाम्पूत अगदी थोडं असेल तर सहसा काही होत नाही, पण वरून 'दोन थेंब जास्त' घालायची आपली सवय घात करते. आणि तुमच्याकडं मांजरं येत असतील तर असली सुगंधी तेलं पूर्ण बाद. मांजराचं यकृत ती नीट पचवत नाही, आणि मांजर अंग चाटल्याशिवाय राहत नाही.

आता तुमचं बोअर. लातूरच्या बोअरचं पाणी म्हटल्यावर साबणवडीचा प्रश्न तिथंच संपतो. तुम्ही सांगितलेली वडी हा खरा साबण आहे, तेल आणि कॉस्टिक मिळून झालेला. त्याचा पीएच नऊ-दहाच्या घरात. शिवाय पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी त्याची गाठ पडली की फेस येत नाही, पांढरा चिकट थर येतो. बादलीच्या काठाला बसतो ना, तोच. हा थर शिह त्झूच्या केसांत अडकला की केस वाळल्यावर राठ होतात, गुंता होतो आणि तुमचा अर्धा तास कंगव्यात जातो. खात्री करायची असेल तर एका तांब्यात बोअरचं पाणी घ्या, वडी घोळवा, हलवा. दुसऱ्या तांब्यात ग्लुकोसाइडचा शाम्पू. मला सांगायची गरज पडणार नाही.

आईंचे रिठे या बाबतीत वडीपेक्षा उजवे. रिठ्यात सॅपोनिन असतं, त्याचा फेस क्षाराच्या पाण्यातही बऱ्यापैकी येतो. घरी, उन्हाळ्यात, आखूड केसांच्या कुत्र्याला कधीतरी चालेल. पण डोळ्यात गेलं तर भयंकर झोंबतं, पोटात गेलं तर उलट्या होतात. काढा प्रत्येक वेळी वेगळ्या ताकदीचा होतो, दुसऱ्या दिवशी आंबतो. पैसे घेऊन धंदा करताना हे परवडत नाही. आईंना माझा नमस्कार सांगा आणि रिठे त्यांच्या केसांसाठी ठेवा.

शाम्पू निवडताना फेस कमी येणारा, पटकन निघणारा बघा. ज्या शहरात २०१६ साली पिण्याचं पाणी मिरजेहून रेल्वेनं आणावं लागलं, तिथं फेस काढायला बादल्या ओतणं मनाला पटत नाही. आणि कुत्र्याला खाज सुटण्याचं मोठं कारण शाम्पूपेक्षाही अर्धवट राहिलेला शाम्पू असतो. काखेत, पोटाखाली, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली बोट फिरवून बघा. बुळबुळ लागली तर अजून पाणी.

गोचीड. कडुनिंबाचा शाम्पू लावला की आंघोळीत काही गोचीड सुटतात, हे खरं. पण कुत्र्यावर दिसतात ते थोडेच. मादी रक्त पिऊन फुगली की खाली उतरते आणि भिंतीच्या भेगेत, फरशीच्या सांध्यात हजारो अंडी घालते. शाम्पू तिथं पोचत नाही, आणि धुऊन टाकल्यावर अंगावरही काही शिल्लक राहत नाही. हेच गोचीड एर्लिकिया, बबेसिया हे रक्तातले रोग पसरवतात. आपल्याकडं ताप आलेल्या, हिरड्या पांढऱ्या पडलेल्या कुत्र्यात पहिला संशय तोच. म्हणून 'गोचीड-मुक्तीची आंघोळ' अशी पाटी लावू नका. कान, बोटं, शेपटीखाली बघा, सापडले तर मालकाला दाखवा आणि डॉक्टरकडं पाठवा. तुमची पत त्यानं वाढेल. म्हशीच्या गोचिडाचं औषध बादलीत कालवून कुत्र्यावर ओतणारे आपल्याकडं कमी नाहीत, त्यांनाही दारातूनच परत पाठवा.

पैशाचा हिशोब बाटलीवर करू नका, आंघोळीवर करा. समजा पाच लिटरचा कॅन चार हजारांचा, एकास आठ पाणी घालायचा. त्याचा पंचेचाळीस लिटर शाम्पू होतो. एका लॅब्रेडॉरला लिटरभर धरला तरी नव्वद रुपयांच्या आत. सहाशे रुपयांची अर्ध्या लिटरची 'ऑरगॅनिक' बाटली पाणी न घालता वापरायची, लॅब्रेडॉरला शंभर मिली सहज जातो, म्हणजे एकशेवीस. मात्र किती पाणी घालायचं ते कंपनीनं लिहिलं असेल तेवढंच. मनानं पातळ केलं की प्रिझर्व्हेटिव्हही पातळ होतो, आणि आपण परत त्या पाठीवरच्या फोडांपाशी येतो. बाटलीवर उघड्या झाकणाच्या डबीचं चित्र आणि '६ एम' असं काही असेल तर उघडल्यापासून सहा महिने. उघडल्याची तारीख मार्करनं कॅनवरच लिहा.

तर घ्यायचं काय? दोनच शाम्पू ठेवा: एक सौम्य, वास नसलेला, रोजचा, एक ओट्सचा, कोरड्या कातडीसाठी. क्लोरहेक्सिडीन किंवा कीटोकोनॅझोलचा औषधी शाम्पू डॉक्टरांची चिठ्ठी असेल तरच, आणि तो अंगावर दहा मिनिटं राहू द्यायचा. नवा कॅन आला की घरच्या कुत्र्याच्या मांडीच्या आतल्या बाजूला थोडा लावून, धुऊन, एक दिवस बघा. गिऱ्हाइकानं "ऑरगॅनिक आहे का?" विचारलं की बाटली त्यांच्या हातात द्या, मागची बाजू वर करून. आणि कारवानी किंवा पश्मी, म्हणजे आपला देशी शिकारी कुत्रा, घेऊन कुणी शेतकरी आला आणि दर आठवड्याला आंघोळ हवी म्हणाला, तर कारवानीला ओल्या कपड्यानं पुसून, ब्रश मारून परत पाठवा. त्या आखूड केसांना महिना-दीड महिन्यातून एकदा पाणी लागलं तरी पुष्कळ. पश्मीच्या कानांच्या झालरी तेवढ्या विंचरा.

प्रश्न: आमचा स्पिट्झ पांढराशुभ्र आहे. सासूबाई हळद-बेसन-दही लावा म्हणतात, केमिकल नको म्हणून. लावू का?
— एक वाचक, परभणी

उत्तर: सासूबाईंचा हेतू चांगला, पण स्पिट्झ पिवळा होईल आणि महिनाभर पिवळाच राहील. बेसन दाट केसांच्या मुळाशी अडकतं, वाळून खपली धरतं, दह्याच्या वासानं माश्या येतात, आणि तो ते सगळं चाटून खाईल ते वेगळंच. पांढऱ्या केसांना चमक हवी असेल तर सौम्य शाम्पू, भरपूर पाणी आणि मुळापर्यंत पूर्ण वाळवणं. दाट केस आत ओले राहिले की तिथंच कातडी लाल होते, ओलसर जखम होते. कानात कापसाचा बोळा हलकाच ठेवा, आंघोळीनंतर आठवणीनं काढा. पंजे किंवा तोंडाभोवतीचे केस तांबूस झाले असतील तर ते चाटण्यानं आणि लाळेनं, शाम्पूनं जाणार नाहीत. सारखं का चाटतोय ते परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात एकदा दाखवून घ्या.